रंग ओला आहे, बसू नये

रविवार, १ फेब्रुवारी

हरलो! शून्य–एक, तेही आपल्याच मैदानावर. ते जाऊ दे, हरायची सवय आहे. पण येताना पोरगी म्हणाली ते डोक्यातून जात नाही — "बाबा, मी झेप घेऊन तो बॉल बाहेर काढला ना, तेव्हा मागे कुणीतरी शिंकलं. तेवढंच ऐकू आलं."

ती आमच्या क्लबची गोलकीपर. सहा वर्षं झाली. दर मॅचला मी हजर असतो आणि खरं सांगायचं तर मीही तोंड उघडत नाही.

मग बूट काढता काढता तिने बॉम्ब टाकला. मोठ्या क्लबच्या कोचबाईंचा फोन आला होता. तिकडे राहायचं, तिकडेच खेळायचं. सीझन संपेपर्यंत उत्तर हवंय. "तिकडे लोक ओरडतात, बाबा." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग जा की!" बायको कसली, वैरीण आहे!

मला पोरगी जायला नको आहे. इथे लिहायला काय हरकत? नको म्हणजे नको.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

दिवसभर कानतपासणीच्या खोलीत. माझं कामच ते — लोकांना हेडफोन लावायचे, आवाज आला की बोट वर करायला सांगायचं. दार जाड, भिंती गादीसारख्या. आवाज कसा मरतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आज डबा खाताना एकदम ट्यूब पेटली. आमचं मैदान म्हणजे हीच खोली!

तिन्ही बाजूंना उघड्यावर खुर्च्या. माणसं जेमतेम तीनशे, आणि प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या जागी. निवृत्त पोस्टमन पूर्वेला, अगदी वरच्या कोपऱ्यात. का? तर त्यांचे वडील तिथे बसायचे. शिंपीणबाई पार पश्चिमेच्या टोकाला. शेजारी सगळ्या रिकाम्या खुर्च्या. कुणी ओरडलंच तर एकट्यानेच ओरडायचं, मग लाज वाटणारच. फक्त उत्तरेच्या गोलमागे पत्र्याचं छप्पर आहे. आवाज धरून ठेवील अशी तेवढी एकच जागा, आणि नेमकं तिथे कुणी बसत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

दवाखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र खिशात घालून नेलं. पोरीने काय बॉल अडवला! यंत्रावर आकडा — ६१. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारत बसली तर एवढा होतो.

हाफटाइमला पोस्टमनना म्हटलं, चला, सगळे पत्र्याखाली एकत्र बसू. मी त्यांच्या घराची किल्ली मागितल्यासारखं त्यांनी पाहिलं. "माझी जागा ही आहे." शिंपीणबाईंचंही तेच. चोवीस जणांना विचारलं, चोवीस नकार. मॅच बरोबरीत.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पुठ्ठे आणले. ब्रश आणला. "काय चाललंय?" हिने विचारलं. "दवाखान्याचं काम." इतक्या सफाईने खोटं बोललो की माझं मलाच कौतुक वाटलं! मैदान सांभाळणाऱ्या काकांना मात्र सांगावंच लागलं. ते म्हणाले, "मी काही पाहिलेलं नाही. पण पाट्या जरा सरळ बांधा."

रविवार, १ मार्च

फजिती! फजिती!

तिन्ही बाजूंना माझ्या पाट्या — "रंग ओला आहे, बसू नये. उत्तरेला बसावे." लोक कुरकुरले, पण गेले. पोस्टमन खुर्चीला बोट लावून बघणार, तेवढ्यात काका ओरडले, "अहो, ठसा उमटेल!" काय माणूस आहे!

पण उत्साहाच्या भरात मी शहाण्याने पाहुण्यांच्या जागेवरही पाटी लावली होती! त्यांचे दीडशे जण ढोल घेऊन आमच्याच पत्र्याखाली घुसले. दुसऱ्या हाफमध्ये पोरीच्या बरोबर पाठीमागे! आमचे लोक बिचारे अंग चोरून कडेला बसलेले. यंत्र १०१ वर गेलं, आणि ते सगळं आमच्याविरुद्ध. शून्य–तीन.

गाडीत पोरीने एकच विचारलं, "त्यांना तिथे कुणी बसवलं?" मी आरसा नीट करत राहिलो.

सोमवार, २ मार्च

पण १०१! पत्र्यात दम आहे.

रविवार, १५ मार्च

पाहुण्यांची पाटी काढली. आमचे सगळे पत्र्याखाली, खांद्याला खांदा लावून, तोंडं वाकडी करून. वीस मिनिटं नुसती भांडणं. "पाय आवरा." "पिशवी मांडीवर घ्या." मग रेफरीने आमच्यावर उगाच फाउल दिला आणि पोस्टमन ताडकन उभे राहिले. म्हणाले, "अहो!!"

बस, एवढंच. आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून जशी हाक मारली तशी. पण पत्र्याने ती अशी परत फेकली की सगळे दचकले. मग शिंपीणबाई — "अहो!!" मग त्यांच्या मागची रांग. मग तीनशे माणसं एका सुरात — "अहो!!" रेफरी चक्क वळून बघायला लागला.

९४! दोन–एक, जिंकलो! पोरगी गोलमध्ये उभी राहून हसत होती. मॅच चालू असताना तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

मंगळवार, १७ मार्च

नवी तक्रार. "तुमच्या त्या आरडाओरड्यात डिफेंडरना माझं काही ऐकू जात नाही." म्हणून आता हाताच्या खुणा. जेवणाच्या टेबलावर चार वाट्यांची बचावफळी मांडली, मीठदाणी म्हणजे ती स्वतः. मी चमच्याने हल्ला करत होतो. हिने एक वाटी सरकवली आणि म्हणाली, "इथे मोकळं सोडलंय तुम्ही." बरोबर होतं! बायको फुटबॉल बघतच नाही, असं मी समजत होतो.

रविवार, २९ मार्च

पकडलो गेलो. मॅचआधी पोस्टमननी खुर्चीला बोट लावलंच. सगळ्यांदेखत विचारलं, "चार आठवडे ओला राहणारा हा रंग कुठल्या दुकानातला?" काका लगेच गवत बघायला निघून गेले. मी कबूल केलं. कान लाल झाले होते. पाट्या स्वतःच्या हाताने उतरवल्या. वाटलं, संपलं. आता जातील आपापल्या कोपऱ्यात.

पोस्टमन गेलेच. पूर्वेला, एकेक पायरी चढत, वर. तिथल्या खुर्चीला बांधलेली आपली उशी सोडली, काखेत मारली आणि पत्र्याखाली परत आले.

"सरका," म्हणाले.

सरकलो. तीन–शून्य! ९८!

रविवार, १२ एप्रिल

घरची शेवटची मॅच. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी, पत्र्याच्या बाजूला. आम्ही पाय आपटत होतो, पत्रा थरथरत होता. पोरीने अडवली! १०६! शिंपीणबाईंनी मला मिठी मारली आणि मग पोस्टमननाही.

आनंदात घरी आलो. पोरगी म्हणाली, "बाबा, मी जाते तिकडे."

"अगं, पण आता आपल्याकडे लोक ओरडतात की!"

"म्हणूनच. एवढ्या आवाजात आपले पाय लटपटतील अशी भीती वाटायची मला. म्हणून उत्तर देत नव्हते. आज नाही लटपटले."

म्हणजे मीच तिला तयार केलं. पुठ्ठे आणून, ब्रश आणून! ही माझ्याकडे बघून हसली, मग डोळे पुसले. मला वाईट वाटलं. फार वाटलं. आणि छाती फुगली, तेही खरं.

रविवार, ४ ऑक्टोबर

आज ती आली — पाहुण्या संघाकडून. दुसऱ्या हाफमध्ये पत्र्यापुढचा गोल तिचा. तिच्यासाठी गप्प बसायचं, असं घरून ठरवून गेलो होतो. शेवटची पाच मिनिटं, आमचा कॉर्नर. पहिली आरोळी कुणाची? माझी! तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात बॉल आत. एक–शून्य.

पोरीने घरी येऊन बूट दाराशी आपटले. मग कोमट पाण्याचा पेला माझ्या पुढ्यात ठेवला. "मीठ घातलंय. गुळण्या करा."