पत्त्यासकट मत

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाटाघाटींचा आज आठवा दिवस. मी दुभाषा, म्हणून दोन्ही शिष्टमंडळांच्या मध्ये बसतो आणि दोघांची बोलणी खातो. आपली विधानसभा सगळीच्या सगळी लोकांनी निवडलेली असावी, हे शेजारच्या देशाला खपत नाही. आमचे प्रमुख म्हणतात, लोकांनाच ती हवी असेल तर समोरच्यांचं काही चालणार नाही. म्हणजे भिस्त तुमच्या जनमत चाचणीवर. तू घरोघर फिरतेस, तर सर्वांत ठाम लोक कुठले ते कळव ना. उगाच आपली उत्सुकता. आईचे गुडघे कसे आहेत?

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझी वही चोरून वाचायचास, तेव्हाही उगाच उत्सुकताच असायची. असो. छापखान्यामागची कामगार वसाहत सर्वांत ठाम. शंभरातली ऐंशी घरं 'हवी' म्हणाली. तिथल्या बाईंडर आजोबांनी तर माझ्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच खूण केली. हे फक्त तुला सांगते आहे.

माणूस मतावर टिकतो का ते पाहायला आम्ही दर दहावं घर आठ दिवसांनी पुन्हा विचारतो. ते झालं की आकडे पक्के. आई बरी आहे, जिना तेवढा टाळते.

तुझी,
ताई

२० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फेरतपासणीत त्या वसाहतीत मला कोणी घरात घेतलं नाही. आदल्या दिवशी दोन माणसं येऊन कोण काय बोललं ते विचारून गेली होती. आजोबा दारातूनच म्हणाले, बाई, सरकारला हवं ते लिहा. मला फार वाईट वाटलं.

आता खरी ठाम राहिली ती इस्पितळाची जुनी परिचारिका वसाहत. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई

२९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

परिचारिका वसाहतीत मी एकही प्रश्न विचारलेला नाही. ती दोन वर्षं रिकामी आहे. तरी काल दोन माणसं तिथे गेली आणि पहारेकऱ्याचं डोकं खाऊन आली. फॉर्म माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. ते नाव मी फक्त तुला लिहिलं होतं. पत्र वाटेत कोणी फोडलं, की तू बोललास? आडवळणाने लिहू नकोस.

ताई

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पत्र कोणी फोडलं नाही. मीच सांगितलं. प्रमुख म्हणाले, पत्ता नसलेलं मत समोरचे खोटं ठरवतील. मला वाटलं, आपली बाजू भक्कम होईल. फेरतपासणीचंही मीच सांगून बसलो. काल प्रमुखांनीच बैठकीत जाहीर केलं की आमच्या लोकांनीच सुधारणेतून अंग काढून घेतलं आहे, आता आमचा आग्रह नाही. बदल्यात बंदराचा करार पदरात पडला. ते वाक्य मीच भाषांतर करून सांगितलं. एक शब्द चुकला नाही. मला तोंड दाखवायला लाज वाटते.

धाकटा

१० एप्रिल

चि. धाकट्यास,

पहिल्या खेपेचे आकडे मी माझ्या सहीने दिले आणि घरांचे क्रमांक असलेले सगळे फॉर्म शेगडीत घातले. पुराव्याशिवाय हे आकडे कोणी धरणार नाही, असं आमच्या चाचणीच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं. ते मला माहीत होतं. आजोबांना हे सांगायला गेले, तर त्यांनी दार उघडलं नाही.

तू कामात बुडाला आहेस, असं आईला सांगितलं आहे. मला पत्र घालू नकोस, तिलाच घाल. लोभ आहे. तो वाढावा, असं मात्र आज लिहवत नाही.

ताई