ठोंब्या कचऱ्यात गेल्यावर

लिहून देणार मी, गाद्या-उशा शिवणारी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट, लिहू नको म्हणून मुलाने दोनदा दटावले, तरी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे.

१. दुकान आणि मागचे घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. नवरा गेल्यावर मी ती सुईदोऱ्यावर उभी केली. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. तेव्हा माझा मुलगा हे सगळे आपलेच म्हणून जे धरून चालला आहे, ते त्याने सोडून द्यावे.

२. वरील सर्व मिळकत मी माझ्या नातीला देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, सांभाळावी. मुलाला का नाही, तेही लिहून ठेवते, नाहीतर सुनेने कान भरले असे तो गावभर सांगत फिरेल.

नात रांगत होती तेव्हा सोफ्याच्या उरलेल्या कापडाचा मी हत्ती शिवायला घेतला. सोंड तोकडी झाली, पाय जाड झाले. बोलायला लागल्यावर नातीने त्याचे नाव ठेवले ठोंब्या. घरातला कुत्रा भिडू, त्यालाही त्याच्याशिवाय चैन पडेना. दिवसभर ठोंब्या नातीच्या काखेत, ती शाळेत गेली की भिडूच्या तोंडात. एक कान तिने चघळलेला, दुसरा त्याने. दुकानात चांगली चांगली खेळणी शिवून ठेवलेली असत, त्यांकडे दोघे ढुंकून पाहत नसत.

मग मुलाचे आणि सुनेचे फाटले. कोणाचे किती चुकले हे मी इथे लिहिणार नाही. सून कपडे न्यायला आली, त्या दिवसाचे मात्र लिहिणार. नात बूट घालून दारात उभी होती. भिडूने आतून ठोंब्या आणून तिच्या पायाशी ठेवला. मुलाने तो उचलला आणि कपाटावर फेकला.

"घरातली वस्तू घरातच राहणार," तो म्हणाला.

सून म्हणाली, "अहो, तिला त्याच्याशिवाय झोप येत नाही."

"मग येऊन राहू दे इथं. झोप येईल."

मी म्हणाले, "अरे, लेकराला आमिष लावतोस? दे तो."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

नात रडली नाही. कपाटाकडे बघत बघत उलटी चालत पायऱ्या उतरली.

त्यानंतर भिडू कपाटाखाली बसून कुंई कुंई करत राहिला. मुलाच्या डोक्याला त्याचा ताप झाला. मी दुकानात गिऱ्हाईक बघत असताना त्याने ठोंब्या कचऱ्याच्या गाडीत टाकून दिला. कळल्यावर मी अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावले. गाडी निघून गेली होती. परत आले तर हा मोबाइल बघत म्हणतो, "एवढ्याशा चिंधीसाठी काय चाललंय तुझं?"

त्याच थानातले कापड शोधून मी दुसरा शिवला. सोंड मुद्दाम तोकडी ठेवली. भिडूने हुंगला आणि तोंड फिरवून निघून गेला. तरी मी तो घेऊन सुनेच्या भाड्याच्या खोलीवर गेले. नातीने तो नाकाशी धरला आणि मला परत दिला. "आजी, हा वेगळा आहे. याला याच्या घरी सोडून ये."

माझा जन्म शिवण्यात गेला. त्या दिवशी मला काही शिवता येत नव्हते.

३. शिलाई यंत्र, कात्र्या आणि कापूस पिंजायचे यंत्र दुकानातल्या कारागीर बाईंना द्यावे. त्या इथे आल्या तेव्हा माझा मुलगा पाळण्यात होता. तो त्यांना आजही "ए बाई" म्हणतो. यापुढे त्यांच्याकडे काही शिवायचे असेल तर त्याने "अहो" म्हणावे.

४. भिडू सुनेकडे जाईल. "मी आणला म्हणून माझा," असे मुलगा म्हणेल. आणला त्याने, हे खरे. त्याला एवढेच विचारावे, की भिडूच्या कोणत्या पायावर टाक्यांचा व्रण आहे. सांगता आले तर पुढे बोलावे.

५. मुलाला मी काही देत नाही. माझी माफी मागायला त्याने येऊ नये, मला ती नको. त्याने लेकीसमोर जमिनीवर बसावे आणि ठोंब्या कुठे गेला ते आपल्या तोंडाने खरे सांगावे. तिला वाटते तो अजून कपाटावर आहे. आम्ही कोणी तिला सांगितलेले नाही, आणि ते काम आमचे नाही. मग ती जे बोलेल ते ऐकून घ्यावे. मध्ये "दुसरा आणू" म्हणू नये. पुरे झाले की नाही, ते तिने ठरवावे. हे करायला माझ्या मरणाची वाट पाहायची गरज नाही.

या मृत्युपत्राचा अंमल साक्षीदार क्रमांक एक यांनी करावा. "जरा राग उतरू द्या, मग लिहा," असे ते मला म्हणाले होते. राग उतरला असता तर मी आई झाले असते आणि सगळे त्यालाच देऊन बसले असते. म्हणून आजच सही करते.

ठिकाण: दुकान, कापायच्या टेबलावर
दिनांक: सहीखाली माझ्या हाताने घातला आहे
लिहून देणारीची सही व अंगठा

साक्षीदार:
१. समोरचे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.
२. दुकानातल्या कारागीर. वाचून दाखवले, पटले, म्हणून सही केली.