टोपी-चष्म्याची खिडकी आणि माझा उजवा कान

मावला, आदिलाबाद
रविवार, दुपार

आमचे एकुलते एक साळे, यवतमाळचे मानकरी श्री. नागनाथराव यांस केशवरावाचा रामराम.

तुमची तब्येत बरी असन, वहिनीचे गुडघे ताळ्यावर आले असतीन, अन् तुमच्या पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात दोन-चार पंखे तरी बिघडून आले असतीन, अशी आशा करतो. इकडं आमी सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणी नाही. तुमची बहीण आहे खुशाल. ती कधी नव्हती?

तुमी म्हणान, खिशात फोन असताना हा कागद काऊन? तं सांगतो. फोन म्या ज्वारीच्या कोठीत पुरला आहे. बंद करून, फडक्यात गुंडाळून, वरून दोन पायल्या ज्वारी टाकली. (तुमच्या बहिणीले, तुळजाले, सांगितलं, फोनमध्ये ओल गेली. ती तोंडाले पदर लावून सैपाकघरात गेली.) असं चहाडखोर जनावर म्या जन्मात पाह्यलं नाही. अन् त्याले उशाशी घेऊन झोपणारे लोक, त्याच्यासमोर रडणारे, हासणारे, जेवणाचं ताट आधी त्याले दाखवणारे लोक, त्यांच्याबद्दल मले काय वाटते ते लिहिलं तं कागद जळन.

मूळ गोष्ट अशी. माझा उजवा कान गेला. डावाही जायच्या तयारीत आहे. ही गोष्ट दोन वर्षांपासून जगात एकट्या मले माहीत होती, आता तुमाले सांगून राह्यलो. तुळजालेही पत्ता नाही. (ती नेहमी माझ्या डाव्या अंगाले येऊनच बोलते, हा आपला योगायोग.) तुमी म्हणान, साठीले आलेल्या माणसाचा कान गेला तं गेला, त्यात लपवायचं काय? नागनाथराव, तुमी पंखे दुरुस्त करता. पंखा बोली लावत नाही. मी तीस वर्षांपासून भाजीबाजारात सुरेंद्रशेठच्या अडतीवर (आधी त्याच्या बापाच्या) हर्रास बोलतो. वांग्याचं कॅरेट समोर आलं की फळीवर उभं राहून मी पुकारा करतो, खरेदीदार भाव चढवतात, कोणी मराठीत, कोणी तेलुगूत, कोणी हिंदीत, अन् मग एकवार, दोनवार, तीनवार म्हणून ज्याचं नाव मी घेतलं त्याचा माल. हे सगळं कानाचं काम. हर्रास बोलणाराच बहिरा आहे असं एकदा फुटलं, की ज्याले माल मिळाला नाही तो म्हणन, माझी बोली वरची होती, तुमाले ऐकूच नाही आली. मग माझी फळी गेली. सुरेंद्रशेठ तसाही काँप्युटरच्या नादाचा माणूस, भिंतीवर आकड्यांची लाइटवाली पाटी लावायचं दोनदा बोलला आहे. (दोनदा म्या ऐकलं, बोलला किती वेळा कोणास ठाऊक.) पाटी आली की माझं काय काम? घरी बसून वालाच्या शेंगा सोलू? खरं सांगतो, त्या फळीवर उभं राहून पहिला पुकारा केल्याशिवाय मले दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही.

दोन वर्षं निभलं कसं, असं विचारान, तं आजकालच्या खरेदीदारांच्या आळशीपणानं. पहिले लोक कसे बोलत! तेलुगूत 'मुप्पै!', म्हणजे तीस, म्हटलं की पत्र्यावरची कबुतरं उडत. आता यांच्या जिवावर येते तोंड उघडायचं. बोटं दाखवतात. हा नवा फॅशन दोन वर्षांपासूनच निघाला. ती चंदा, चौकात भाजीचं दुकान लावते ती, जिचा आवाज पहिले बसस्टँडवर ऐकू जायचा, तीही आता बरोबर माझ्या नजरेसमोर येऊन उभी राहते अन् हात वर करून तीन बोटं नाचवते, जशी काही मुकी. बाप्पा, एवढा आळस! माझी सोय झाली ती गोष्ट वेगळी, पण लोकांत शिस्त म्हणून राह्यली नाही.

तं मनात आलं, गुपचूप एखादी कानाची मशीन पाहावी. डॉक्टरकडं जायची सोय नाही, बाहेरच्या बाकावर अर्धा बाजार बसलेला असते, अन् कंपाउंडर नाव घेऊन जोरात हाका मारते. (कानवाल्याच्या दवाखान्यात जोरातच माराव्या लागत असतीन म्हणा.) म्हणून नेटवर पाहायचं ठरवलं. आमचा पुतण्या देवानंद तुमाले माहीत आहे, बासरच्या इंजिनेरीच्या कॉलेजात शिकला अन् आता घरी बसून हैदराबादच्या कंपनीचं काम करते. (काम म्हणजे वर इस्त्रीचा शर्ट अन् खाली चड्डी, कंपनीले अर्धाच दिसते.) त्याले विचारलं, माझ्या एका मित्राले नेटवर एक खाजगी गोष्ट पाहायची आहे, कोणाले कळायले नको, काय करावं? तं त्यानं तासभर प्रवचन झोडलं. म्हणे काका, नेटवर एकदा पायताण पाहा, महिनाभर पायताणं तुमच्या मागं फिरतात. म्हटलं, पायताणं माझ्या मागं लहानपणापासून फिरली आहेत, तू पुढचं बोल.

मग त्यानं फोनमध्ये टोपी अन् चष्म्याचं चित्र असलेली एक गुप्त खिडकी दाखवली. इन्कॉग्निटो. हिच्यातून काहीही पाहा, खिडकी लावली की फोन सगळं विसरते. वा! पण लगेच म्हणते, काका, फोन विसरला तरी साइटवाल्याले अन् कंपनीले कळू शकते. म्हणजे टोपी-चष्मा घालून माणूस लपत चालला, अन् ज्याच्यापासून लपायचं तो ओट्यावरून पाहूनच राह्यला. याले हे शिकलेले लोक गुप्त म्हणतात! मग म्हणे त्याच्यासाठी व्हीपीएन. ते लावलं की मी बसलो मावल्यात, अन् साइटवाल्याले वाटन हॉलंडात. (हॉलंडात हर्रास कोण बोलते, विचारलं, त्याले माहीत नव्हतं. मग शिकला काय?) खरं नाव द्यायचं नाही म्हणे, तं म्या सोजरबाई दिलं, वय एकोणीस. लोकेशन बंद केलं. कॅमेऱ्यावर तुळजाच्या डबीतली टिकली लावली. कुकी म्हणून काहीतरी हे लोक दारातच पुढं करतात, घ्या, घ्या; ती घ्यायची नाही, नको म्हणायचं. लग्नाच्या पंगतीत पोट भरलेल्या माणसानं बुंदीले म्हटलं नसन एवढं म्या नको म्हटलं. तहसीलच्या खजिन्यालेही असा बंदोबस्त नसन, नागनाथराव.

शुक्रवारी हर्रास आटोपला, लोक आपापला माल उचलून राह्यले होते. मी अडतीच्या मागं, कांद्याच्या पोत्यांच्या आडोशाले जाऊन बसलो. तोंड भिंतीकडं, डोक्यावरून शेला. टोपी-चष्म्याची खिडकी उघडली, हॉलंडात गेलो. आता टाइप करायचं म्हणान, तं माझं एक बोट तीन अक्षरांवर पडते. म्हणून ते माइकचं चित्र दाबलं अन् बोललो. तुमच्यापासून काय लपवायचं, हेच बोललो की मले उजव्या कानानं काही ऐकू येत नाही, कोणाले दिसणार नाही अशी कानाची मशीन कोणती घ्यावी? फोन गप्प. (त्यानं काही उत्तर दिलं असन तं मले समजलं नाही.) म्हणून जरा स्पष्ट बोललो. तरी गप्प. मग तिसऱ्यांदा आणखी स्पष्ट बोललो, माल सोडताना आपण तीनवार म्हणतो, बस्स तेवढंच. तेव्हा कुठं मशिनी दिसायले लागल्या, त्याही सगळ्या हॉलंडच्या भाषेत. एक अक्षर कळलं असन तं शपथ.

अन् दहा मिनिटं नाही झाली. पोत्यांमागून बाहेर येतो तं अख्खा बाजार हातचं काम सोडून माझ्याकडं पाहून राह्यला. चंदा लसणाची गड्डी घेऊन हजर, तेलात कढवा अन् कोमट करून कानात टाका म्हणते. चहावाला माझ्या कानापाशी वाकून 'चहा!' असा ओरडला की अर्धा चहा बशीत. एक तेलुगू खरेदीदार, ज्याले माझं आडनाव माहीत नाही, तो 'चेवि, अण्णा?' म्हणून स्वतःचा कान धरून दाखवते. म्या सगळ्यांले सांगितलं, तो कान माझ्या मित्राचा आहे. त्यांनी माना हलवल्या. संध्याकाळी घरी आलो तं बातमी माझ्या आधी मावल्यात.

आता तुमीच सांगा, ही बातमी हॉलंडातून आदिलाबादच्या भाजीबाजारात दहा मिनिटांत आली कशी? विकली. रोकडा विकली त्या कंपनीवाल्यांनी. माणसाचा कान विकून खाणारे लोक हे! अन् गंमत पाहा, सोजरबाईचं नाव मात्र कुठंच फुटलं नाही. फोन पुरेपर्यंत तिले कॉलेजच्या ऍडमिशनच्या जाहिराती येऊन राह्यल्या होत्या. गुपित कोणाचं राह्यलं, तं जी बाई जगात नाही तिचं. देवानंदाले जाऊन धरलं, म्हटलं हेच का तुझं गुप्त? त्यानं सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, काका, टाइप केलं का बोलले? म्हटलं, बोललो. तं तो भैताड खुर्ची सोडून खाली बसला अन् पोट धरून हासत राह्यला. तोंडात उत्तर नसलं की हासायचं, एवढंच शिकला वाटते. त्याच संध्याकाळी फोन कोठीत गेला.

इथपर्यंत झालं ते म्या सोसलं. पण काल शनिवारी सुरेंद्रशेठनं मले बाजूले बोलावलं. नेमका माझ्या उजव्या अंगाले उभा राह्यला, खांद्यावर हात ठेवला अन् काहीतरी बोलला. बरंच बोलला. तोंड गंभीर. बोलता बोलता भिंतीकडं हात केला, जिथं ती पाटी लावायची म्हणून राह्यला होता तिथंच. मी 'हाव शेठ' म्हटलं. दोनदा म्हटलं. तो गेल्यावर ध्यानात आलं की आपण कशाले हो म्हटलं हे आपल्यालेच माहीत नाही. 'सोमवारपासून येऊ नका' म्हणाला असन, तं त्यालेही मी हाव म्हणून आलो. तीस वर्षं शंभर तोंडांचे भाव अचूक पकडले, अन् माझ्याच भाकरीची गोष्ट निघाली ती मले ऐकू नाही आली. पुन्हा विचारावं तं कान गेल्याचं कबूल होते. उद्या फळीवर चढायचं का घरी बसायचं, मले समजून नाही राह्यलं. कालपासून ताट तसंच परत सरकवतो, नागनाथराव. तुमच्या बहिणीले सांगितलं, पित्त झालं.

असो. कागद संपत आला. वहिनीले नमस्कार, लेकराईले आशीर्वाद, अन् फोनमध्ये तोंड घालून बसलेल्या बाकी सगळ्या दुनियेले माझ्याकडून काहीच सांगू नका.

तुमचा,
केशवराव
(मुक्काम कोणी विचारला तं हॉलंड सांगा)

ता. क. : तुमी पंखे-मिक्सरवाले, तुमाले मशिनीतलं कळते. एक कानाची मशीन तुमच्या नावानं घ्या. कोणी विचारलं तं कान तुमचाच म्हणा, तुमाले काय फरक पडते? मशीन अशी पाहिजे की कोणाले दिसली नाही पाहिजे. तिळाच्या लाडवाच्या डब्यात खाली ठेवून आदिलाबादच्या बसवाल्याजवळ द्या.

आणखी ता. क. : सोमवारच्या आधी सुरेंद्रशेठले सहज म्हणून फोन लावा अन् तो मले काय बोलला ते काढून घ्या. (हे पत्र तुमाले बुधवारी भेटन. त्याचं काय करायचं ते तुमी पाहा.)

शेवटचं ता. क. : वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाला. म्या ते दार लावून, एकट्यानं लिहिलं आहे, कोणाले याचा वासही नाही. फोनपेक्षा कागद बरा, कागदाले तोंड नसते. आता पाकिटाले डिंक आणायले जातो.

नागू, मी तुळजा. हे डिंक आणायले गेले, म्हणून घाईनं लिहून राह्यली. दार लावलं होतं हे खरं, पण हे एकेक शब्द तोंडानं बोलून लिहितात, अन् तोही हर्रासाच्या आवाजात. शुक्रवारी पोत्यांमागूनही तेच झालं. आज ओट्यावर मी, चंदा अन् अर्धी गल्ली सगळं पत्र ऐकत बसलो होतो. आळशीपणाची गोष्ट आली तेव्हा चंदा लय हासली, अन् मग डोळे पुसत बसली. बोटं दाखवायचं तिनंच सुरू केलं रे. दोन वर्षांआधी तीनदा बोली दिली, यांले ऐकू नाही आली, तं चौथ्यांदा तिनं बोटं वर केली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी केली. कोणी कोणाले काही म्हटलं नाही. अन् शेठ काल काय बोलला ते मले त्याच्या बायकोनं सांगितलं. म्हणे, पाटी लावून राह्यलो ती तुमच्यासाठीच, तुमाले भाव डोळ्यानं दिसन. पुकारा तुमीच करायचा, सोमवारी वेळेवर या. आता रात्री मी यांच्या डाव्या अंगाले बसून सांगन की शेठच्या घरून निरोप आला, उद्या लवकर बोलावलं. बाकी आमाले माहीत आहे हे यांले कळू देऊ नको. मशीन मात्र लवकर पाठव, चंदाचा खांदा धरला आहे बोटं वर करू करू. अन् दिसणारच नाही अशी महागाची शोधत बसू नको. मोठी असली तरी चालन. बाजारात सगळ्यांले सांगून ठेवलं आहे, कोणाले दिसणार नाही.