न दिलेली अट

नागभीड
१८ मे २०२५

प्रिय नूतनताई,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. उन्हाने जीव नकोसा केला आहे, कूलरमध्ये पाणी भरण्यातच दिवस जातो. माझा क्लास चालू आहे. पोलीस भरतीची मुलं यंदा जास्त आली आहेत आणि मी त्यांना अजून तेच शिकवतो, जे तू मला आपल्या ओसरीत शिकवलंस. सात माणसं, तीन गट, अमका तमक्यासोबत नाही, तर कोण कुठे? मोहर्लीत सध्या पर्यटकांची गर्दी असेल, लालसू भाऊजींना सफारीतून सवड मिळत नसेल. त्यांना माझा जोहार सांग.

धाकट्या काकांच्या आयुषचं लग्न छान झालं. चामोर्शीच्या मुलीकडच्या मंडळींनी काही कमी पडू दिलं नाही. इथून वऱ्हाड न्यायच्या तीन गाड्या काकांनी माझ्यावर सोपवल्या होत्या. "तू हुशार हायेस, तूच बसव सगळ्याइले," म्हणाले. मला काय, आवडीचं काम. मोठे काका आणि धाकटे काका शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणापासून एका गाडीत बसत नाहीत. मोठ्या काकूला गाडी लागते, तिला पुढची सीट. आत्या म्हणाली, मी तुझ्या बाबांच्याच गाडीत. कागदावर तीन रकाने आखले आणि बसलो.

हे गमतीने सांगायला घेतलं खरं, पण पुढचं लिहिणं जड जातं. कारण पुढची अट तुझ्याबद्दलची होती. नूतन आणि बाबा एका गाडीत नाहीत. ती लिहिली आणि सगळं अडकलं. तुला कुठेही टाकलं की दुसरी कोणती तरी अट मोडायची. मग तुझं नाव खोडलं, आणि उत्तर झटकन बसलं. खरं सांगू? गणित सुटल्यावर वाटतं तसं मला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी तुला फोन केला. गाड्यांत जागा नाही म्हणालो, आणि बाबांनीच तुला नको म्हटलं आहे, असंही म्हणालो. तू सुट्टी टाकून बसली होतीस. "बरं," एवढंच म्हणालीस आणि त्यानंतर माझा फोन उचलला नाहीस.

निघायच्या सकाळी बाबा सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले. शेजारच्या सीटवर त्यांनी आपला दुपट्टा टाकला, एसटीत टाकतात तसा. आत्या बसायला गेली तर म्हणाले, "थांब बाई, थे जागा धरलेली हाये." मग मला हाक मारली.

"नूतन कुठी हाये? काऊन नाई आली आजून?"

ताई, मी त्यांना सांगितलं की तुला सुट्टी मिळाली नाही.

त्यांनी दुपट्टा उचलला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला. तिथे मी आत्याला बसवलं.

तू भाऊजींशी कोर्टात लग्न करून आलीस तेव्हा ते फक्त म्हणाले होते, "मले आंधी सांगाले काय झालं होतं?" नंतर तुझा विषय निघाला की गप्प व्हायचे. त्या गप्प राहण्यातून अट मी काढली. त्यांनी दिली नव्हती, तूही नाही. जे दिलं नाही ते धरायचं नाही, असं म्हणून तू माझ्या पाठीत किती धपाटे घातले आहेस. आणि भोळेपणाने झालं, असंही समजू नकोस. तुम्ही दोघं समोरासमोर आलात तर मला मध्ये उभं राहावं लागेल, ते मला टाळायचं होतं. त्यांना एकदा विचारलं असतं तरी पुरलं असतं. मी विचारलं नाही आणि त्यांच्या नावावर खपवलं. याची मला फार लाज वाटते.

काल जेवताना त्यांना सगळं सांगून टाकलं. ते ताटावरून उठले, हात धुऊन आले.

"माह्या पोरीले मी नाई म्हनलो, असं सांगतलं तुनं?"

मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "मोहर्लीची गाडी कुठून भेटते?" चंद्रपूरहून, म्हटलं, मी येतो सोबत.

"नाई. तू इथीच राय."

बरोबर आहे त्यांचं. आता मी घरी बसतो.

तर हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. बाबांच्या हाती देतो आहे, पाकीट चिकटवलेलं नाही. दारात आल्या आल्या ते हेच पुढे करतील, कारण तुझ्याशी बोलायला सुरुवात कुठून करायची हे त्यांना सुचणार नाही. तू वाचत उभी असशील आणि तेही उभेच असतील. माझ्यावरचा राग राहू दे, हवा तितके दिवस राहू दे. पण ताई, आधी त्यांना तुझ्याजवळ बसायला जागा दे.

तुझं नाव खोडणारा तुझा भाऊ,
राजदीप