खर्जातल्या माणसाची वरची पट्टी

प्रिय भोंगाबाई,

गेल्या रविवारी तू कॅथेड्रलला आली नाहीस, फार बरं केलंस. बापाची अब्रू निदान एका माणसापुरती तरी वाचली.

आमच्या गायकवृंदाचे कायदे तुला ठाऊकच आहेत. दोन रांगा समोरासमोर, झगा घोट्यापर्यंत, खोकला आला तर गिळायचा, आणि वरच्या पट्टीतसुद्धा पुरुषच गाणार. ती पट्टी वीस वर्षं दातांचे डॉक्टर सांभाळतात. त्यांचा घसा बसला आणि मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आज वरचं तुम्ही घ्या." मी जन्मभर खर्जात गाणारा माणूस! पण नाही म्हणायला जीभ रेटेना.

पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसरीला आवाजाने दगा दिला आणि जे काही बाहेर पडलं, ते कोंबड्यानेही आपलं म्हटलं नसतं. समोरच्या रांगेतला पोस्टमन झग्याच्या बाहीत तोंड खुपसून गदगदत होता. पहिल्या बाकावरच्या एक आजी डोळे पुसत होत्या. भक्तीने की हसून, ते मी विचारलं नाही.

नंतर झगे टांगायच्या खोलीत मास्तरांनी विषय काढला, "आता तरी बायकांना घ्यायचं का?" हा ठराव याआधी तीनदा पडलाय, आणि तिन्ही वेळा पाडणाऱ्यांत मी पुढे. तू सतराव्या वर्षी विचारलंस, "बाबा, मी का नाही?" तेव्हाही मी परंपरेचं तुणतुणं वाजवलं. तू वाद घातला नाहीस. घरात गाणंच बंद केलंस. मला वाटलं, नाद सुटला. मागच्या महिन्यात तुझी आई बोलून गेली, की तू अजून भांडी घासताना गातेस, फक्त दारात माझी चाहूल लागली की गप्प होतेस.

तर त्या खोलीत पहिला हात माझा वर गेला. पोस्टमन म्हणाला, "काका, काखेत खाज सुटलीय का?" म्हटलं, "नाही रे, मत देतोय." ठराव एका मताच्या फरकाने पास झाला.

आवाजाची चाचणी शनिवारी सकाळी दहाला आहे. अर्जावर तुझं नाव मी तुला न विचारताच लिहून ठेवलंय, सही तेवढी राहिलीय. नसेल करायची तर फाडून टाक, मी रागावणार नाही. पण त्या दिवशी तुला नाही म्हटलं, ते माझं चुकलं. तोंडावर हे बोलायचं धाडस तुझ्या बापात नाही, म्हणून लिहिलं.

तुझाच,
बाबा