बिनपगारी

बरकतपुरा, हैदराबाद
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रियदर्शिनी,

अनेक आशीर्वाद. तू आणि रितेश खुशाल असाल. इकडे माझा गुडघा आणि नळाचं पाणी आपापल्या मर्जीप्रमाणे चालतात.

आता तक्रार. रविवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. काचीगुड्याला आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये तू तुझ्या संशोधनाचे निष्कर्ष वाचत होतीस आणि माझं एक वाक्य शंभर माणसांसमोर वाचून दाखवलंस. वेळ नक्की आठवते, कारण चहा कधी येतो म्हणून मी घड्याळाकडेच बघत होते.

विषय चांगला निवडलास, ते कबूल. नोकरी करणाऱ्या हैदराबादी मराठी बायका आणि त्यांचं घर. बेचाळीस मुलाखती. त्यात मी कोण? ‘उत्तरदाती क्रमांक सतरा, निवृत्त समाजशास्त्र प्राध्यापिका, वय बहात्तर’. अग, काचीगुड्यापासून नारायणगुड्यापर्यंत मराठी बोलणाऱ्या, समाजशास्त्र शिकवलेल्या बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्या किती सापडतील तुला? नाव बदललंस आणि माणूस तसाच ठेवलास. पहिल्या वर्षाच्या मुलीनं हे केलं असतं तर मी तिचा पेपर तपासायलाच घेतला नसता.

दुसरं. ते वाक्य मी मुलाखतीत बोललेच नव्हते. मुलाखतीत तू मोबाइल आपल्या दोघींमध्ये रेकॉर्डिंगला ठेवून विचारलंस, ‘मॅडम, घरकामाची वाटणी कशी होती?’ मी उत्तर दिलं, ‘मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मिळून घर केलं.’ सभ्य, स्वच्छ उत्तर. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हाला पाठ ताठ ठेवून अशीच उत्तरं द्यायला शिकवलं होतं. मग तू मोबाइल पर्समध्ये टाकलास, ‘येते’ म्हणालीस, आणि आपण दोघी पाऊण तास दारात उभ्या राहिलो. ते वाक्य त्या पाऊण तासातलं.

हो, माहीत आहे तू काय म्हणशील. आपल्या बायकांची खरी मुलाखत निरोप घेताना उंबऱ्यात सुरू होते, तिथे कान द्या आणि जिना उतरल्याबरोबर लिहून काढा, हे वर्गात मीच सांगत असे. पण त्याच तासाला मी पुढचंही सांगितलं होतं: असं ऐकलेलं वापरायचं असेल तर आधी परत जाऊन विचारा. ते तेवढं विसरलीस?

वाक्य पुन्हा लिहायला लाज वाटते, पण तक्रार करायची तर ते लिहिलं पाहिजे. ‘आमच्या घरी एक बिनपगारी बाई होती म्हणून मी प्राध्यापिका झाले. सुट्टी नाही, पेन्शन नाही, आणि संपाची तर भीतीच नाही!’

हॉल काय हसला! माझ्या शेजारी ती पुण्याहून आलेली अनुराधा बसली होती, नवऱ्याच्या कंपनीबरोबर दोन वर्षांपूर्वी आलेली. ती माझ्या हातावर टाळी देत म्हणाली, ‘कोण हो ही बाई? काय धमाल बोललीय!’ मी टाळी घेतली. माझ्या दुसऱ्या बाजूला इंदुताई होती.

इंदुताई, जिच्या हातचे धपाटे तू एम.ए.ला असताना दर शनिवारी आमच्याकडे खाल्लेस. माझी थोरली जाऊ. चोविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा सासऱ्यांनी तिला उदगीरहून इकडे आणलं. माझा युवराज तीन महिन्यांचा असताना मी पुन्हा कॉलेजात रुजू झाले ते तिच्या भरवशावर. युवराज बोलायला लागला तो तिच्या मराठीत. माझ्या मराठीला तो हसायचा.

अनुराधानं मग वाकून तिलाही विचारलं, ‘काकू, तुम्हाला ठाऊक आहे का कोण ती?’

इंदुताई म्हणाली, ‘हौ. हाय आमच्याच गल्लीतली.’

आणि तीही हसली. सगळ्यांच्या नंतर, थोडंसं. मला वाचवायला हसली ग ती.

परतताना रिक्षात मी तुझ्यावर तोंडसुख घेत होते. तू कशी मुखदुर्बळ होतीस, मी तुला कसं घडवलं, आणि आज कशी पाठीत सुरी खुपसलीस. इंदुताई पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं चहा टाकला, मला दिला, आणि नेहमीप्रमाणे ओट्याला टेकून उभ्यानं प्यायली. मी म्हटलं, ‘बसा की हो.’ इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदा म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तेलुगूत बोलले.

सोमवारी सकाळी तिनं युवराजला फोन केला. मी आतून ऐकत होते. ‘लेकरा, बावीस तारखेचं उदगीरचं तिकीट काढ बरं. एकच. परतीचं नक्को.’

मी बाहेर आले. ‘उदगीरला कशाला?’

‘हिम्मत कवाधरनं बोलवतोय. भावाचं पोर हाय, त्याला कधी वेळच दिला नाही मी.’

‘माझ्यावर रागावलात का?’

‘राग कशाचा, जयू? तू बोललीस ते खरंच की. पगार कुठं होता मला.’ ती मेथी निवडत होती, हात थांबला नाही. ‘फकस्त मला वाटत हुतं, आपण दोघींनी मिळून घर केलं.’

प्रियदर्शिनी, हेच शब्द मी तुझ्या मोबाइलसमोर बोलले होते. मी ते बोलले आणि माझा त्यावर विश्वास नव्हता. ती ते कुणाला कधी बोलली नाही आणि त्याच्यावर जगली. मला तिथे सुचला तो एक विनोदच. गिळला.

हे पत्र मी मंगळवारपासून तीनदा फाडलंय. पहिल्या पत्रात मी तुला विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे खेचणार होते. दुसऱ्यात पुस्तक छापायच्या आत ते वाक्य काढ, असा हुकूम होता. आणि प्रत्येक पत्रात एक गोष्ट मी सोडून देत होते. वर ‘विसरलीस?’ असं विचारलंय ना, ते पाहा, तिथंही सोडली.

तू विचारलं होतंस. सप्टेंबरात फोन केलास, वाक्य वाचून दाखवलंस आणि म्हणालीस, ‘मॅडम, घेऊ का? इंदुकाकूंना वाईट वाटेल का?’ मला माझं वाक्य तुझ्या तोंडून ऐकताना इतकं आवडलं की मी खुर्चीत टेकून हसले. आणि म्हणाले, ‘तिला काय कळतंय त्यातलं! नाव बदल आणि घाल.’

इंग्रजीत विद्यापीठात वाचण्याऐवजी ते मराठीत, मंडळाच्या हॉलमध्ये वाच, हाही आग्रह माझाच. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत नेऊन ऐकवायचं, ही आपली पद्धत. तू कचरत होतीस. मला मात्र माझी विद्यार्थिनी गल्लीला दाखवायची होती. आणि इंदुताईला दुपारी नवीन साडी नेसवून मीच घेऊन गेले, कारण तिला कळणार नाही अशी माझी खात्रीच होती. तीस वर्षं मी मुलींना सांगत आले की अडाणी असा कुणी नसतो, आपला प्रश्न अडाणी असतो. परीक्षेत लिहिलं की पैकीच्या पैकी देत होते.

तर तुझी चूक एवढीच की तू माझं ऐकलंस. नमुना निवडायची रीतही माझीच. पगार घेणाऱ्या बायका शोधल्या, त्यांना विचारलं, आणि बेचाळीस घरांत एकाही इंदुताईसमोर मोबाइल ठेवला नाही.

म्हणून आता मागणी. ते वाक्य काढू नकोस. छापलं जाऊ दे, आणि त्याच्या बाजूला इंदुताईचं म्हणणं छाप. तू घरी ये. मी नसेन, युवराजकडे गच्चीबावलीला जाऊन बसेन दिवसभर. तिला बसवून घे, धपाटे करायला उठली तर उठू देऊ नकोस. काय विचारायचं ते मी सांगणार नाही, माझी सांगण्याची पाळी संपली. माझ्याबद्दल काय बोलली ते मला कळवू नकोस. तिच्या परवानगीनं छापलंस तर विकत घेऊन वाचेन. ती नाही म्हणाली, तर नमस्कार कर आणि परत जा. तिच्या नावाचं काय करायचं तेही तिलाच विचार.

हे क्षमा मागणं नव्हे, एवढं मला समजतं. क्षमा मला माझ्या तोंडानं मागावी लागेल, आणि हे तोंड कसं आहे तू जाणतेसच. तिकीट मी रद्द करायला सांगितलेलं नाही. तो अधिकार मला नाही. पण तिनं जाण्यापूर्वी या शहरात कुणीतरी तिला विचारलेलं असावं.

येणार की नाही ते लेखी कळव. फोन नको, व्हॉट्सॲप नको, ते माझ्याच मोबाइलवर येतं. कागदावर, मराठीत, टपोऱ्या अक्षरात लिही, तिला चष्म्यानंही बारीक दिसत नाही. पाकिटावर माझं नाव घालू नकोस. ‘श्रीमती इंदुमती बिरादार’ असं लिही. या पत्त्यावर त्या नावानं आजवर एकही पत्र आलेलं नाही. मी पोस्टमनला सांगून ठेवलंय.

बुधवार, १९ नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत ते तिच्या हातात पडलं पाहिजे. सबब चालणार नाही.

तुझी, अजून तोंड न उघडलेली,
जयवंता बिरादार