आतून फोडलेली भिंत

मामंजी,

आमच्या गल्लीत परवा चोरी झाली. शेजारची मंडळी लग्नाला गेली होती, चोरानं रेडिओ आणि पितळेची भांडी नेली. तेव्हापासून सगळ्या विश्रामबागेत जो तो खिडक्यांना गज बसवतोय. कुपवाडचा एक गजवाला काल माझ्याकडंही आला. म्हणाला, "बाई, एकट्या राहताय, जाळी ठोकून घ्या. चोराचा बाप आत यायचा न्हाई." मी विचारलं, "आणि आतल्या माणसाला बाहेर पडायचं झालं तर?" तो हसला. "त्ये कशाला?" म्हणाला. त्या एका 'कशाला'त तुम्ही मला इतके स्वच्छ ऐकू आलात की चहाही न विचारता मी त्याला वाटेला लावलं. बिचारा अजून विचार करत असेल, आपलं काय चुकलं.

तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. माणूस गेलं की राग जातो म्हणतात. माझा गेला नाही, आणि घालवायचा मी प्रयत्नही केलेला नाही. तुमच्या घरात होतं काय, मामंजी? दोन तांब्याचे हंडे, एक पत्र्याची पेटी आणि सासूबाईंच्या मागं राहिलेली त्यांची नथ, जी तुम्ही सारखी नव्या जागी लपवायचात आणि मग दिवसभर शोधत हिंडायचात. तेवढ्यासाठी निजायच्या आधी दाराला आतून भांड्यांची उतरंड लावायची, म्हणजे दार ढकललं की खणखणाट होईल. उंबऱ्यात राख पसरायची, म्हणजे पाऊल उमटेल. मागच्या भिंतीला बाहेरून बाभळीचे काटे. चोर कधी आला नाही; सकाळी राख झाडायला आणि भांडी पुन्हा घासायला मी होतेच. एकदा म्हटलं, कुत्रं पाळा. तुम्ही म्हणालात, "भाकरी कोन घालणार त्येला?" खरंच होतं. सूनही भाकरी खाते, पण निदान थापते तरी.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. तुमचा लेक पलटणीत. लग्नानंतर मी त्यांना एका रजेपुरतं पाहिलेलं. गावातला एक जवान सुट्टीवर आला आणि त्यानं निरोप आणला, की पलटण पुढं निघालीय, गाडी भिलवडी स्टेशनात इंजिनाला पाणी घ्यायला थांबेल, घरच्यांनी भेटायला यावं. घरचे म्हणजे आपण दोघं. मी पहाटे उठून दशम्या केल्या, ठेवणीतलं लुगडं नेसले. तुम्ही फेटा बांधताय, माझ्या हातातली दशम्यांची पुरचुंडी काढून घेताय, हे मला अजून समोर दिसतंय.

"घर सुनं टाकायचं न्हाई. तू आत ऱ्हा, मी भायेरनं कुलूप लावतो."

"आवं मामंजी, मला बी न्या की."

"तुला कशाला? त्यो काय तुला बघाय येतोय व्हय? लढाईला निघालाय त्यो."

"आन् आग लागली तर?"

"चुलीत पानी वत."

आणि खटकन कुलूप. वर तुम्ही ते ओढून बघितलंत. एकदा नाही, वाटेतून माघारी येऊन पुन्हा बघितलंत.

मी थोडा वेळ रडले. मग चुलीत पाणी ओतलं, कारण तेवढं तुमचं म्हणणं बरोबर होतं, आणि पहार घेऊन मागच्या भिंतीला भिडले. पांढऱ्या मातीची भिंत, ओल धरलेली, मला वाटलं होतं तेवढी काही ती भक्कम नव्हती. चोर घरं बाहेरून फोडतात. तुमचं घर आतून फुटलं. बाहेर निघताना तुमच्याच बाभळीच्या काट्यांनी माझी पाठ सोलून काढली, आणि मी उसाच्या कडेनं पळत सुटले.

गाडी उभी होती. सगळ्या खिडक्यांतून खाकी बाह्या बाहेर आलेल्या. एका खिडकीखाली तुम्ही, आणि वर ते, तोंडात दशमीचा घास. मी जवळ आले. त्यांनी मला बघितलं आणि घास तसाच राहिला. तुम्ही वळलात. केसांत माती, लुगडं फाटलेलं, तुमची सून धापा टाकतेय, आणि तुम्ही विचारलंत, "दार कुनी उघडलं?"

"दार बंदच हाय. भिताड फोडलं."

"भिताड फोडलं? आन् घर?"

"घर तितंच हाय."

त्यावर तुम्ही काय केलंत? फेटा सावरलात आणि पळालात. घराकडं. लेक वरून हाका मारतोय, "आबा! आवं आबा! ऱ्हाऊ द्या की त्ये घर!" आणि तुम्ही मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीत. शेजारच्या खिडकीतला कुणी ओरडला, "म्हातारं आपल्या आधीच लढाईला पळालं रं, गड्या!" सगळा डबा हसला.

घरात चोर नव्हता. शेजारणीची शेळी भोकातून शिरून पीठ खात होती.

ते लढाईवरून परत आले नाहीत. तार आली त्या दिवशी तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "तू त्ये भोक पाडलं नसतंस तर माजं पोर मला पोटभर बघाय मिळालं असतं." त्यानंतर तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला भाकरी घातली, पण उत्तर दिलं नाही. आता देते. भोक मी पाडलं, पळालात तुम्ही. गाडी उभी होती, लेक हाका मारत होता, आणि तुम्हाला हंड्यांची काळजी पडली होती.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागाही नाही, म्हणून एवढं आणखी लिहिते. आजवर मी सगळ्यांना सांगत आले, की तुम्ही स्टेशनातून पळालात ते बरंच झालं, आम्हाला दोघांना थोडा वेळ तरी मिळाला, आणि गाडी हलेपर्यंत त्यांची नजर माझ्यावर होती. ती नव्हती. ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकून, उसाच्या कडेनं सुटत्या फेट्यानिशी पळणाऱ्या तुम्हाला बघत होते. मला एवढंच म्हणाले, "अगं, जा की त्येंच्या मागं, पडतील कुटंतरी." मी गेले नाही. शिट्टी झाली तरी ते तुम्हालाच शोधत होते, आणि मी खिडकीची कड धरून त्यांच्याकडं बघत उभी होते.